उजवी कळी

कार्तिक वद्य पंचमी, रविवार, १९७८

प्रिय बिराप्पा,

चार वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट फोडशील की तसंच चुलीत सारशील, सांगता येत नाही. पोस्टमनकडे तुझा पत्ता मागितला तर त्यानंही माझ्याकडे तिरकं बघितलं. सांगलीच्या बाजारात हळदीच्या गोदामावर तू राखणदार आहेस म्हणे. गंमत बघ, तू पोत्यांनी हळद राखतोस आणि तुझा हा गुरव खंडोबाच्या पायरीवर तीच हळद भंडारा म्हणून चिमटीचिमटीनं वाटतो. पलटणीतून आलेल्या माणसाला राखण शोभते. मला काय शोभतं ते हल्ली कळेनासं झालंय.

गावाकडचं म्हणशील तर यंदा शाळू बरा उगवलाय. विट्याची एसटी आता दिवसातून दोनदा येते आणि दोन्ही वेळा उशिरा येते. आपल्या शाळेची कौलं बदलली, पण सहावीच्या वर्गाची ती खिडकी तशीच आहे. आठवतं का, देवापुढचा नारळ मी चोरून त्या खिडकीखाली फोडला आणि खाताना दोघं सापडलो? चोर कोण म्हणून गुरुजींनी विचारलं तेव्हा मी मान खाली घातली आणि तू हात पुढे केलास. आठ छड्या होत्या. मी मोजल्या, कारण मला तेवढंच काम उरलं होतं. नारळ देवाचा होता म्हणून मला वाटायचं, देव कधीतरी विचारील. त्यानं विचारलं नाही, आणि तिथंच माझी सवय बिघडली.

विहिरीला पाणी भरपूर आहे. दुष्काळात सगळ्या गावानं मिळून खणलेली ती विहीर आता ‘देवाची विहीर’ झालीय. भोवती गडगा घातलाय, दाराला कुलूप आहे आणि किल्ली देवस्थानचे पंच म्हणून लालासाहेबांच्या कमरेला. बौद्धवाड्यातल्या राहीबाईनं त्या विहिरीतले दगड डोक्यावरून वाहिले होते. तू मुकादम होतास, तुला ठाऊकच आहे. आज ती घागर घेऊन गडग्याबाहेर उभी राहते, आणि कोणाला दया आली तर वरून पाणी ओततात. कोणाला नाही आली तर ती ओढ्याला जाते. मी रोज देवळातून बघतो. घंटा वाजवत बघतो.

हीच विहीर पंचायतीच्या ताब्यात ठेवून सगळ्यांना मोकळी करायची म्हणून तू पंचायतीच्या निवडणुकीला उभा राहिलास. चावडीत तू बोललेलं मला अजून शब्द न् शब्द पाठ आहे. “हीर सरकारी पैशानं खांदलीया. देवाला तहान लागत न्हाई, मानसाला लागती. देवानं देवळात ऱ्हावं, पंचायतीनं चावडीत. एकानं दुसऱ्याच्या घरात शिरू नये.” माणसं माना डोलवत होती. बघता बघता वारं तुझ्याकडे फिरलं. मग लालासाहेब देवळाच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, “धरम बुडाला की गाव बुडालं. आपुन कोन ठरवनार? देवालाच इचारू.” आणि चंपाषष्ठीला कौल लावायचं ठरलं.

कौल कसा लावतात ते तुला काय सांगायचं? देवाच्या उजव्या आणि डाव्या खांद्यावर एकेक ओली कळी चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. बिराप्पा निवडून यावा का, असं विचारलं. डावी पडली. लगेच ताटातला भंडारा पुढे आला आणि एकेकानं तो उचलून लालासाहेबांच्या माणसांना मत द्यायची शपथ घेतली. तुझ्या आईनंही घेतली आणि पाळली. आपल्या पोटच्या पोराच्या विरुद्ध शिक्का मारून धोंडुबाई घरी आली आणि तुझ्या तोंडावर तसं सांगितलं. मला वाटलं होतं तू भांडशील, कौल झुगारून देशील. पण तू माझ्यापाशी आलास आणि म्हणालास, “कोंडीबा, देवालाच नको असंल तर मी कोन रं?” दुसऱ्या दिवशी तू गाव सोडलंस. देवाला चावडीत येऊ नको म्हणणारा तूच एकटा त्या देवावर खरा विश्वास ठेवून होतास.

उजव्या कळीला मी बाभळीचा डिंक लावला होता.

लिहिलं एकदाचं. लालासाहेबांनी आदल्या दिवशी मला बोलावून, देवळाची पूजा दुसऱ्या गुरवाकडे जाऊ शकते, एवढंच सांगितलं होतं. पोटासाठी केलं म्हणावं तर सोपं आहे, लोक माफही करतील. पण सगळं गाव श्वास धरून माझ्या बोटांकडे बघत होतं, आणि तुला खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. जन्मभर सगळ्यांच्या दारात शेर-मापटं धान्य मागणारा मी, त्या घटकेला देवापेक्षा मोठा होतो. माझी मलाच किळस येते.

पुढचं ऐक. निवडणुकीनंतर लालासाहेबांनी मला साताऱ्याला एका सभेला नेलं. सभेत त्यांनी धर्मावर तासभर भाषण केलं, बायकांनी डोळे पुसले. मग विश्रामगृहावर जेवण झालं. मटण होतं, आणि एकादशी होती. वाढणारा खानसामा आपल्या राहीबाईच्या भावकीतला निघाला. लालासाहेबांनी त्याला ओळखलं, हसून नाव घेतलं आणि त्याच्याच हातचं पाणी मागून घेतलं. मी बघतच राहिलो. तर म्हणतात कसे, “गुरव, देव गावात असतोय. हितं कुठला? जेवा.” आणि मी जेवलो, बिराप्पा. दोनदा रस्सा मागून घेतला.

तुझ्या आईचं सांगतो. तू तिला सांगलीला न्यायला आलास तेव्हा ती का आली नाही, हे तिनं तुला सांगितलं नसेल. देवानं लाथाडलेल्या लेकाच्या हातचं खाल्लं तर देव कोपेल, तुझ्यावरच कोपेल, ही तिची भीती. तू धाडलेली तिन्ही लुगडी घडी न मोडता देवळाच्या पेटीत ठेवलीत. दर रविवारी येते आणि विचारते, देवाचा राग गेला का, कौल लाव. मी चार वर्षं, आज देव बोलत नाही म्हातारे, असं म्हणून तिला माघारी धाडत आलो. माझ्यात पुन्हा डिंक लावायची हिंमत नव्हती, आणि न लावायचीही नव्हती.

काल लालासाहेब आले होते. पुन्हा निवडणूक आलीय. चंपाषष्ठी पंधरा-सतरा दिवसांवर आहे आणि कौल लावायचाय. आज सकाळी तुझी आई आली. पायरी चढताना दोनदा बसली. म्हणाली, “मरायच्या आधी लेकाच्या हातचं पानी प्यायलं तर चालंल का, येवढं इचार देवाला.” माझ्या हातातल्या कळ्या गळून पडल्या आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, काठी हाणील. ती आधी देवाकडे वळली. मग म्हणाली, “म्हंजी देव खोटा न्हाई आन माझा लेकबी खोटा न्हाई. खोटा तू हायस. ह्ये समदं कागदावर लिही.” तेव्हापासून ती माझ्यासमोर पायरीवर बसलीय. प्रत्येक ओळ तिला वाचून दाखवावी लागते. वर दोन ठिकाणी खाडाखोड दिसेल, तिथं मी स्वतःला जरा बरं लिहिलं होतं, ते तिनं पुसायला लावलं. मटणाचं तिनंच वदवून घेतलं. तिचं म्हणणं असं, की चंपाषष्ठीला तू यायचंस आणि कौल लावायच्या आधी हा कागद देवळापुढे मोठ्यानं वाचायचास. मी तुझ्या शेजारी उभा राहीन. या वेळी हात पुढे करायची पाळी माझी आहे. खाली पिवळा डाग पडलाय तो तिचा अंगठा आहे. शाई नको म्हणाली, भंडाऱ्यात बुडवून उठवलाय. येताना घरून तांब्या भरून आण, ती तुझ्या हातचं पाणी पिणार आहे.

तुझाच म्हणायची लाज वाटते, पण दुसऱ्या कुणाचा कधी नव्हतो,
कोंडीबा गुरव