पायाळूची पाठ

३ मार्च

झाडूच्या काठीचा व्यायाम! पाठ धरल्यापासून चार महिन्यांनी जिममध्ये पाऊल टाकलं आणि हातात काय, तर काठी. वर्षालीने – संत तुकारामनगरची माझी फिजिओ – तेवढीच परवानगी दिलीय. काठी पाठीला उभी लावायची. डोकं, पाठ, माकडहाड, तिन्ही टेकलेले राहिले पाहिजेत. आणि कमरेतून नाही, खुब्यातून वाकायचं. शेजारी एक पोरगा ढीगभर वजन उचलून आरशात स्वतःलाच बघत होता. नोव्हेंबरपर्यंत मी त्याच जागी तशीच उभी असायचे. राग आला. केलं मात्र सगळं. ट्रेनर धम्मरत्नसर माझी काठी बघत होते, पण हसले नाहीत. बरं वाटलं.

९ मार्च, रविवार

सकाळी सकाळी दाराशी भिमाजी आबा. आमचे शेजारी. शेत गेलं, त्यावर टॉवर उभा राहिला, तरी हातातलं खुरपं सुटत नाही – सोसायटीच्या कुंड्या उकरत बसतात. त्यांना उसण भरली होती. "तनुजा, जरा पाय लाव गं पोरी."

मी पायाळू. पायांकडून जन्मलेली. आमच्या पुनावळ्यात अजूनही कुणाची पाठ धरली की डॉक्टरच्या आधी माझी लाथ! शाळेत असल्यापासून किती पाठींना डावा पाय लावला असेल, देव जाणे. हलकेच, तीनदा. आबा आले वाकून आणि गेले ताठ. मी मात्र ओट्याला धरून चहा केला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

२३ मार्च

नुसता बार मिळाला. तोही जमिनीवरून नाही, ठोकळ्यांवरून. थंडगार लोखंड हातात आल्यावर डोळ्यांत पाणीच आलं. धम्मरत्नसर म्हणाले, "श्वास भर, पोट घट्ट कर, मग उचल. घाई कुणाला आहे?" घाई मलाच होती. वर्षालीचा नियम वेगळाच – व्यायाम करताना कसं वाटलं ते सांगू नकोस, दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटतं ते सांग.

२४ मार्च

सकाळ झाली. काहीही दुखत नाही. चाकणपर्यंत कंपनीच्या बसमध्ये गाणं गुणगुणत गेले!

६ एप्रिल

हावरटपणा. काल सर दुसऱ्या कुणाकडे वळले आणि मी बारवर वजनाच्या दोन चकत्या जास्तीच्या चढवल्या. आज पायात मुंग्या. आई म्हणते, "आता त्या जिमला कुलूप लाव." वर्षालीला फोन केला. रागावेल वाटलं होतं. नाही रागावली. "बिछाना धरू नकोस, थोडं थोडं चालत राहा. मुंग्या वाढल्या किंवा पाय लुळा वाटला तर लगेच दाखवायला ये. नाहीतर आठवडाभराने मागच्या वजनावरून पुन्हा सुरू."

९ एप्रिल

मुंग्या गेल्या. अक्कल आली.

२० एप्रिल

आज खरं काय ते लिहून टाकते. कुठेतरी लिहायलाच हवं.

पायाळूवर वीज पडते म्हणतात. लहानपणी आभाळ भरून आलं की आजी मला आतल्या खोलीत कोंडायची. बहिणी अंगणात गारा वेचायच्या आणि मी खिडकीसुद्धा उघडायची नाही. आता कंपनीत क्वालिटीला आहे, डिप्लोमा केलाय, केसाहून बारीक फरक मोजते. तरी गडगडलं की आधी खिडक्या लावते.

नोव्हेंबरमध्ये डेडलिफ्ट करताना, म्हणजे जमिनीवरून वजन उचलताना, पाठीत जे चमकलं ते कमरेतून टाचेपर्यंत गेलं. जमिनीवर पडल्या पडल्या मनात पहिलं आलं ते हेच – आली. माझ्या नावाची वीज मला शोधत आली. डिस्क सरकलीय हे नंतर एमआरआयमध्ये कळलं. पण मनातलं ते काही गेलं नाही. एकदा आली, तर परत येईल. वर्षालीला हे कोणत्या तोंडाने सांगू?

४ मे, रविवार

आबा परत हजर. म्हटलं, पाय लावते, पण आधी काठी. पाठीला लावून वाकायला शिकवलं. "वाकाया बी शिकावं लागतंय व्हय?" म्हणाले आणि चार वेळा झकास वाकले. कुंडीसमोर गुडघे मोडून बसायचं, कमरेतून ओणवं व्हायचं नाही, हेही पटलं. तरी जाताना लाथ घेतलीच. पेन्शनसारखी.

माझंही बरं चाललंय. वजन थोडं थोडं वाढतंय, सकाळी पाठ गप्प असते. वर्षाली म्हणाली, "आता जमिनीवरून उचल. पाठ तयार आहे. तुला पटत नाहीये, एवढंच."

१७ मे

नाही जमलं.

बार जमिनीवर, वजन बेताचं. मी वाकले, श्वास भरला आणि बाहेर वळवाचं आभाळ गडगडलं. जिमचा पत्रा थरथरला. हात आपोआप सुटले. पुन्हा वाकले, पुन्हा सुटले. सर म्हणाले, "राहू दे आज." त्यांच्यासमोर रडले नाही. घरी येऊन स्वयंपाकघरात आईसमोर रडले. विजेचं, पाठीचं, सगळं सांगून टाकलं. म्हटलं, बहुतेक सोडूनच देते आता.

तव्यावरची भाकरी जळली तरी आई तशीच उभी. आईच्या हातची भाकरी जळलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

१८ मे, रविवार

आई जिममध्ये आली! डोक्यावर पदर, चपला दाराबाहेर काढून. सगळे वळून बघायला लागले. सरळ माझ्याकडे आली, कानाशी लागून काहीतरी सांगितलं आणि बाकावर जाऊन बसली.

मी वाकले. जमिनीवरून उचललं. पाच वेळा.

आईने काय सांगितलं ते आज लिहवत नाही. आधी सकाळ होऊ दे.

१९ मे

सकाळ. काहीही दुखत नाही.

काल आई म्हणाली, "तू पायाळू न्हाईस. डोक्याकडूनच झालीस, सरळ. तिसरी बी पोरगीच म्हणून तुझ्या आजीनं तोंड फिरवलं व्हतं. सुईण माझ्या म्हायेरची. तिला हात जोडून म्हणलं, पायाळू हाय म्हणून सांग. पायाळूला घरात मान असतो. विजेचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई गं."

बत्तीस वर्षं मी आभाळाला घाबरले. आईवर चिडू की तिला मिठी मारू, कळेना. तिथेच हळूच विचारलं, "आणि आबांची पाठ? एवढ्या सगळ्यांच्या पाठी?"

"बऱ्या व्हायच्याच पाठी व्हत्या त्या, बऱ्या झाल्या. तुझी बी झालीया. उचल आता."