तिसरी हाक

चिंचवड,
ता. ९ जुलै १९५७, मंगळवार

सौ. रंभावहिनी यांस,

ज्योतीरामचा नमस्कार. तुमचं कार्ड शनिवारी पोचलं. चार वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि तुम्ही मात्र पहिल्याच ओळीत माझी खुशाली विचारलीत. लाज वाटली. मी बरा आहे. अंबूमावशींचे गुडघे कसे आहेत? त्यांना माझा नमस्कार सांगा. या पावसात त्यांना ओट्यावर बसू देऊ नका, आणि सांगितलं तर त्या ऐकणार नाहीत हेही मला ठाऊक आहे.

इकडची हकीकत म्हणजे पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात आता मी कायम झालो. आधी बांधकामावर विटा वाहिल्या, मग बाटल्या धुण्याच्या खात्यात घेतलं. काम तसं हलकं. पण कढत पाण्याची वाफ अशी कोंडते की समोरचा माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो. खोकी भरायच्या खात्यात द्या म्हणून मी दोनदा अर्ज केला. आमचे मुकादम मारुतराव म्हणाले, "आरं, बायका काम करत्यात हितं, आन तुला वाफ सोसंना व्हय?"

याच मारुतरावांनी माझं नाव 'ओराव' पाडलंय. खात्यात कुणी कुणालाही हाक मारली की मी ओ देतो. हाक दुसऱ्याला, ओ माझी. परवा ढकलगाडीचं चाक करकरलं तर त्यालाही दिली. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. सवय लागली आहे, जात नाही. घरमालकीण म्हणते, झोपेतसुद्धा देतोस. तिचं तिला माहीत.

चाकणला पाऊस कसा आहे? चाळीतला कांदा टिकला का? इथं चिंचवडला नदी घाटाच्या पायऱ्या चढून वर आली आहे.

आता तुम्ही विचारलंत त्याबद्दल. तुम्ही लिहिता, लेकाचा चार वर्षं पत्ता नाही म्हणून श्रावणातल्या अमावस्येला भिमाजीचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचं मावशींनी ठरवलंय. त्याआधी तुम्हाला एवढंच हवंय की तो शेवटचं काय बोलला. "तुम्ही बरोबर होता, दुसऱ्या कुणाला विचारू?" असं तुम्ही लिहिलंत. खरं आहे. दुसरं कुणी नव्हतंच.

तुम्हाला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहितो, कारण पहिल्यापासून लिहिलं की मला बरं पडतं. त्या साली चैत्रात त्याला विषमज्वर झाला. तो वाचला तर श्रावणी सोमवारी जंगलवाटेनं अनवाणी भीमाशंकरला जाईल, असा नवस तुम्ही बोललात. तो वाचला, आणि सोबतीला मी निघालो. शुक्रवारी चाकण सोडलं. खेडपर्यंत आम्ही कोरडे होतो. खेडच्या पुढं पावसानं जे धरलं ते सोडलंच नाही. शनिवारची वस्ती चासच्या पुढं एका देवळात झाली. रविवारी भातखाचरांच्या बांधांवरून घसरत घसरत भोरगिरी गाठली. तिथं सोनबा नावाच्या म्हाताऱ्यानं पडवीत जागा दिली, नाचणीची भाकरी दिली. घोंगड्या चुलीपुढं धरल्या, त्या वाळल्या नाहीत, नुसता धूर प्यायल्या. सोमवारी सकाळी डोंगर चढायला लागलो. धुकं होतं. दुपारी वाट चुकली आणि एक ओढा आडवा आला. भिमाजी ओलांडण्याजोगा उतार बघायला खाली गेला, मला म्हणाला, "हितंच थांब." तो परत आला नाही. मी आणि भोरगिरीची माणसं तीन दिवस शोधत होतो. काही सापडलं नाही. खेडच्या पोलिसांनी बेपत्ता म्हणून लिहून घेतलं.

शेवटचं म्हणाल, तर खाली जाताना तो म्हणाला, "आलंच देऊळ. रंभाचा नवस फिटला बघ." बोलताना त्याचा चेहरा प्रसन्न होता. देवाच्या वाटेवर गेला, वहिनी. एवढं मनात ठेवा.

पाऊस वाढलाय, कौलातून कागदावर गळायला लागलंय. म्हणून इथंच थांबतो. मावशींना जपा.

तुमचा,
ज्योतीराम


चिंचवड,
ता. ४ ऑगस्ट १९५७, रविवार

सौ. रंभावहिनी यांस,

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. तीन दिवस खिशात घेऊन फिरतोय. आज सुटी आहे, आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

माझं मागचं पत्र खोटं आहे. सगळं नाही. पण ती शेवटची ओळ पूर्ण खोटी. भिमाजी तसं काही बोलला नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी ती रचली, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला लवकर सुटायचं होतं. आता तुम्ही लिहिता, मावशींनी तीच ओळ तुमच्याकडून दोनदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, "बघ, जाताना बी तुजाच नवस हुता त्याच्या तोंडात. तापातनं वाचल्याला माजा ल्योक तुज्या नवसानं खाल्ला." अमावस्येचा विधी झाला की तुमच्या भावाला बोलावून तुम्हाला कायमचं माहेरी धाडायचं ठरतंय. तुम्ही मला एका शब्दानं दोष दिला नाही. उलट लिहिलंत की त्यांचं खरंच असेल, नवस मीच बोलले होते.

वहिनी, नाही. हे पत्र मावशींना मोठ्यानं वाचून दाखवा. एक शब्द गाळू नका. माझी लाज राखायला तर मुळीच नको.

भोरगिरीला त्या रविवारी सोनबानं आम्हाला भाकरीबरोबर एक गोष्ट सांगितली, ती मी मागच्या पत्रात लिहिली नाही. तो म्हणाला, "उंद्या धुई पडंल. धुईत चकवा फिरतो. वळखीच्या आवाजात हाक मारतो आन कड्यावर नेतो. पयल्या हाकंला ओ द्यायची न्हाई, दुसरीला बी न्हाई. त्याला तिसरी हाक मारता येत न्हाई. तिसरी आली तं समजायचं, मानूस हाय."

भिमाजी कसला थांबतोय? म्हणाला, "आजोबा, ह्यो ज्योत्या जेवाया बलवला तरी तिसऱ्या हाकंला येतो. ह्याला काय बी शिकवाया नगं." मग माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "ठरलं मंग. तिसऱ्या हाकंबिगर ओ न्हाई." आम्ही तिघंही हसलो. ठरलं ते असं, थट्टेत.

दुसऱ्या दिवशी धुकं पडलं, आणि ते आपल्याकडं माघात पडतं तसलं नव्हे. पाऊस थेंबांनी पडतच नव्हता, पांढरं पाणी हवेत उभं होतं. कारवीची झुडपं डोक्याच्या वर गेलेली. वर कुठंतरी शेकरू ओरडायचं, ते दिसायचं नाही. दोन पावलांवर चालणारा भिमाजी मधूनच पुसल्यासारखा व्हायचा आणि पुन्हा दिसायचा.

इथं मावशींनी नीट ऐकावं. तो अनवाणी होता म्हणून पडला असं त्यांना वाटतं. तसं नाही. शेवाळलेल्या खडकावर त्याची बोटं घट्ट धरायची. चपला घालून मीच चार वेळा आपटलो, आणि चारही वेळा त्यानंच मला उचललं. त्याच्या टाचेला कापलं होतं, पण त्यानं तो थांबला नव्हता.

थांबायचं होतं मला. वाट चुकली हे कळल्यावर मी म्हणालो, "मागं फिरू. देव काय पळून चाललाय? पुढच्या सोमवारी येऊ." तो नाही म्हणाला. मी चिडलो, नको नको ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "तू पयल्यापास्नंच भित्रा." मग ओढा लागला. फुगलेला, तांबडा. तो म्हणाला, "हितंच थांब, मी उतार बघून येतो." मी एका जांभळीखाली घोंगडी डोक्यावर घेऊन बसलो. तो निघाला तेव्हा मी त्याच्याकडं पाहिलंही नाही. म्हणून प्रसन्न चेहऱ्याचं जे लिहिलं तेही खोटं. चेहरा मी पाहिलाच नाही.

थोड्या वेळानं हाक आली. "ज्योत्या!"

मी गप्प बसलो.

दुसरी आली. "ज्योत्या, ये!" पहिलीपेक्षा खालून, आणि भलत्याच बाजूनं. ओढ्याच्या अंगानं नाही, दुसरीकडं डोंगराचा कडा तुटलेला होता, त्याच्या अंगानं. तिकडं भिमाजी कशाला जाईल? सोनबानं सांगितलेलं सगळं अंगावर आलं. मी घोंगडी आणखी पुढं ओढली आणि रामाचं नाव घेत तिसरीची वाट बघत बसलो.

ती आली नाही.

चार वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला चकव्याचं भय वाटलं. भय होतंच. पण आज लिहायला बसलोय तर अर्धं लिहून चालणार नाही. आवाज मी ओळखला होता. मनात असं आलं की मार हाका, मला भित्रा म्हणतोस काय, बस जरा ओरडत. तिसरीला देईनच ओ. रुसलेलं पोर आईला तंगवतं तसा मी बसून राहिलो. एक विडी ओढून होईल एवढाच वेळ. सोनबाच्या गोष्टीनं मला निमित्त दिलं, बाकी सगळं माझं.

शेवटी उठलो. हाका मारल्या, तीन नाही, तीनशे. ओढ्याच्या कडेनं खाली गेलो. ओढा वळसा घेऊन कड्यावरच जात होता, त्यामुळं आवाज तिकडून आला होता. कड्याच्या तोंडाशी एका सपाट दगडावर तुम्ही लाल फडक्यात बांधून दिलेला नवसाचा नारळ होता. पडलेला नव्हता. पाणी लागू नये असा वर, आडोशाला, नीट ठेवलेला होता. दोन्ही हात मोकळे हवे होते म्हणून त्यानं तो ठेवला असणार. शेजारची कारवी मुळासकट उपटलेली होती.

तो तिथं लोंबकळत होता, वहिनी. हाताला जे लागलं ते धरून. आणि मला हाका मारत होता. मी तिसरीशिवाय ओ देणार नाही हे त्याला ठाऊक होतं, आदल्या दिवशी त्यानंच ठरवलं होतं. तिसरी तो मारणारच होता. तेवढा दम त्याला पुरला नाही.

तो शेवटचं काय बोलला असं तुम्ही विचारलंत. माझं नाव बोलला, दोनदा. आणि 'ये' म्हणाला. नवसाचं नाव त्यानं काढलं नाही, तुमचंही नाही. हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. पण मावशी, तुमचा मुलगा नवसानं गेला नाही. तो सबंध वाट धडधाकट चालला, माझ्यापेक्षा बरा चालला. वीस पावलांवरचा माणूस उठला नाही म्हणून तो गेला. दोष द्यायचा तर मला द्या. रंभावहिनींना त्या घरातून काढू नका. त्यांनी त्याच्या जिवासाठी देवाला साकडं घातलं. मी साधी ओ दिली नाही.

नारळ मी कुणाला दाखवला नाही, पोलिसांनाही नाही. दाखवला असता तर तो कुठं सापडला ते सांगावं लागलं असतं, आणि मग तू काय करत होतास असं कुणीतरी विचारलं असतं. तो माझ्या ट्रंकेत आहे. आतलं पाणी कधीच आटलं, खोबऱ्याचा गोटा सुटलाय. ट्रंक सरकवली की तो आत वाजतो, आणि मी ओ देतो. वाफेच्या खात्यातून बदली का मागितली ते आता तुम्हाला कळलं असेल. तिथं रोज कुणीतरी मला दोनदा हाक मारतं. मी पहिलीलाच ओ देतो, तर समोर कुणी नसतं.

वर तुमच्या नावाआधी 'सौ.' लिहिताना हात थांबला होता. पण ते पुसायचं मी कोण? विधी करायचा की नाही ते तुम्ही आणि मावशी ठरवा. तो कड्याखाली गेला याबद्दल माझ्या मनात संशय उरलेला नाही, एवढं मात्र आता लपवत नाही.

पुढच्या रविवारी, ता. ११ ला, मी येतो. भोसरीपर्यंत चालत जाऊन नाशिकच्या एस. टी.त बसेन, दहाच्या सुमाराला चाकणला उतरेन. नारळ बरोबर आणतो. तो तुमचा आहे, देवाला द्या नाहीतर नदीत सोडा. मी अंगणाच्या बाहेर रस्त्यावर उभा राहीन. कडी वाजवणार नाही, तोंड उचकटणार नाही. तुमच्या किंवा मावशींच्या मनात आलं तर हाक मारा. एकच पुरे. नाही आलं मनात, तर नारळ ओट्यावर ठेवून मी माघारी फिरेन, आणि त्यात तुमची काही चूक नसेल.

भिमाजीनं ज्याला दोनदा हाक मारली,
तो ज्योतीराम