आई पाणी का पीत नाही

चिखली, १२ एप्रिल

चि. शेखर यास,
अ. उ. आ.
फोनवर तू नुसतं हो-हो करून ठेवून देतोस, म्हणून लिहून राह्यले. परवा आईला इथं दवाखान्यात आणलंस तेव्हा तिची जीभ कोरडी ठाक होती. दिवसभराची लघवी पेलाभर, तीही काळ्या चहासारखी. डॉक्टर म्हणाले, माणसाला दिवसाकाठी लिटर-दीड लिटर व्हायला पाहिजे. अर्ध्या लिटरच्या खाली गेली की किडनीची काळजी. पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं ते रोज बघायचं, हे खुब्याच्या ऑपरेशननंतर तुला सांगितलंच होतं. या उन्हात घाम जातो तो वेगळाच. सलाईननं निभावलं. घरात तू आणि तुझी बायको, दोघं असून आईला पाणी पाजणं होत नाही?
राग खरा आहे, तो गिळून मायेनं लिहिणं जमत नाही.
करिष्मा

धामणगाव बढे, १५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तुझं पत्र वाचून समीक्षा जेवली नाही. ती रोज आईच्या उशाशी बाटली भरून ठेवते. आई ती खिडकीतून ओतून देते, काल मी डोळ्यांनी पाहिलं. काऊन म्हणून विचारलं तर भिंतीकडे तोंड केलं. मग मीही नको ते बोललो. तोंड दाबून पाजू का? तिला उचलून बसवतो, लघवीचं भांडं धुतो. तू चार दिवस येऊन करून दाखव.
भांडलो तरी ये.
तुझा शेखर

धामणगाव बढे, १९ एप्रिल

चि. करिष्मा अन् चि. शेखर,
दोघायले आशीर्वाद. मी सांगून राह्यली, समीक्षा लिहून राह्यली. शेखर घरातच हाय, पन तोंडानं सांगाची लाज वाटते.
तुमी माह्या लघवीवरून भांडता, मले कोनी नीट इचारलं नाही. थे संडासाची खुर्ची बैठकीत पडद्यामागं ठेवली. पडद्याच्या अलीकडं शेखरचे कापसाचे व्यापारी चहा पेत बसतात. मी बसली का आवाज जाते. एकदा त्यातला हिंमतराव बोलता बोलता गप झाला. त्याच दिवशी ठरवलं, पानीच नाही प्यायचं. पोरानं उचललं थे सोसलं, हे नाही सोसत.
आज शेखर वावरात गेला तवा कडूबा सुताराले बोलावलं. सोफे ओट्यावर काढले, बैठकीच्या दाराले आतून कडी ठोकली. शेखर, यापुढं तुहे पाहुणे ओट्यावर. सोफे उन्हानं इटले त इटू दे. समीक्षानं कडी लावली, मंग मी दोन तांबे पानी पेली अन् निवांत बसली.
एकमेकावरचा जीव कमी करू नका.
तुमची आई,
कौशल्याबाई