बडबडीची तपासणी

मंगळवार, ४ फेब्रुवारी

जमलं! मोठे डॉक्टर अखेर हो म्हणाले. यापुढे केमो सुरू करण्याआधी वयात आलेल्या प्रत्येक मुलीची गरोदरपणाची तपासणी. आजवर ज्याला वाटेल त्याने करायची, म्हणजे कुणीच करायची नाही. ही औषधं पोटातल्या जिवाचं वाटोळं करतात हे सगळ्यांना ठाऊक — पण आईबापांपुढे विषय काढणार कोण?

"शिव्या तुम्ही खायच्या हं, सिस्टर," डॉक्टर म्हणाले.

खाईन की!

गुरुवार, ६

नवी मुलगी आली. पंधरा-सोळाची. रक्ताचा कॅन्सर. सुई टोचताना मलाच धीर देत होती — "घाबरू नका, शीर सापडेल." संध्याकाळपर्यंत वॉर्डभर तिचं नाव पडलं, बडबडी. बाप शिंपी, मोजकं बोलणारा. आई तिच्या उशापासून हलत नाही.

शुक्रवार, ७

आईला तपासणीचं सांगितलं. चेहरा खर्रकन उतरला. "अहो, लेकरू आहे ते!"

म्हटलं, सगळ्याच मुलींची करतो, संशय म्हणून नाही. जरा वेळाने तिनेच लघवीची बाटली मागून घेतली. "तिला उभं राहवत नाही, मी धरून नेते." दोघी बाथरूममध्ये गेल्या.

पॉझिटिव्ह आली.

शनिवार, ८

काल पुढे लिहवलंच नाही.

ठरलं होतं की आधी मुलीशी एकटीशी बोलायचं. मी खुर्च्या हलवून पडदा ओढेपर्यंत शिकाऊ डॉक्टर बापासमोर बोलून मोकळा!

बडबडी आधी हसली. "मी? काहीतरीच!" मग बापाकडे पाहिलं आणि हसू विरलं.

"कोण तो?" एवढंच विचारत राहिला बाप. ती नुसती मान हलवत होती. आई पदर तोंडात धरून भिंतीला टेकलेली.

मी म्हटलं, थांबा, रक्त तपासून खात्री करू, चूक असू शकते. "अजून किती अब्रू काढणार आमची?" बाप उसळला. मोठ्या डॉक्टरांनी समजावलं, औषध लांबलं तर जिवाला धोका आहे म्हणाले. ऐकतो कोण? स्वतःच्या जबाबदारीवर नेतो अशी सही करून पोरीला घेऊन गेला. ती चपला घालायची राहिली, तशीच ओढत नेली. मी चपला घेऊन जिन्यापर्यंत धावले. रिक्षा सुटली होती.

रविवार, ९

फोन उचलत नाहीत.

मंगळवार, ११

समाजसेविका त्यांच्या घरी जाऊन आली. दार उघडलं नाही. आत शिलाई मशीन चालू होतं म्हणे, ती हाका मारत होती तेवढा वेळ.

मोठे डॉक्टर म्हणाले, "तुमचा नियम जरा बाजूला ठेवू या." मी भांडले. मुलींची तपासणी व्हायलाच हवी — पण प्रत्येकीला एकटीला विचारून, तिच्याच तोंडून! बडबडीच्या पलंगावर दुसरं मूल आलंय.

काय करू? दार फोडू?

गुरुवार, १३

सकाळी बाप वॉर्डात शिरला, बडबडीला दोन्ही हातांवर घेऊन. अंग तापाने भाजतंय. बोलत नाही. ताप उतरेपर्यंत केमो सुरू करता येत नाही.

मागून आई. माझा हात घट्ट धरला.

"ताई, बाटली मी भरली होती. पोरीला कशाला असली परीक्षा, म्हटलं... मला दिवस गेलेत हे मलाच कुठे ठाऊक होतं!"