महागडं क्रीम, तुझे हात

माय,

माझ्या गालावर, डाव्या डोळ्याच्या खाली, एक फिका डाग आला आहे. दिवाळीनंतर पहिल्यांदा दिसला. तेव्हा वाटलं, इथली थंडी कोरडी, ओठ फुटतात, गाल तडतडतात, त्यातलंच काही असेल. तिसऱ्या आठवड्यात मी आरसा खिडकीशी नेऊन बघू लागले. सकाळी एकदा, कॉलेजात शिकवून आल्यावर एकदा, आणि मधल्या वेळात मोबाइलच्या बंद काचेत. डागाची कड कुठे संपते ते कळत नाही. एक दिवस मी काजळाने त्याच्याभोवती रेघ ओढली, दुसऱ्या दिवशी तो रेघेच्या बाहेर आलाय का बघायला. चेहरा धुतला आणि रेघ गेली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कामून उकरती गं त्याला? राहू दे की." तुला राहू देता आलं. मला नाही येत.

मी डॉक्टरकडे गेले नाही. क्रीम आणलं. निराला बाजारातल्या दुकानात काउंटरवरच्या मुलीने माझ्या मनगटावर थोडं लावून दाखवलं. "कितीला हे?" म्हटलं तर तिने आकडा बोलून दाखवला नाही, बरणी उलटी करून दाखवली. तू कंपनीत शेवटच्या वर्षी महिन्याला जेवढं आणायचीस त्याहून जास्त होता. मी म्हणाले, "जरा जास्तच आहे गं." ती म्हणाली, "चेहरा आहे मॅडम, चप्पल थोडीच आहे." मागे उभी असलेली बाई हसली. मी पैसे दिले. खोटं कशाला बोलू, पहिले दहा दिवस चेहरा मऊ लागला. वर्गात फळ्याकडे पाठ करून उभी राहताना भीती कमी वाटली. डाग होता तिथेच होता, पण मी त्याचं काहीतरी करते आहे असं वाटत होतं.

क्रीमबद्दल तुझ्याइतकं कुणाला कळत असेल असं मला अजूनही वाटत नाही. मुकुंदवाडीहून तू चिकलठाण्याच्या कंपनीत पायी जायचीस, डबा कापडी पिशवीत. क्रीम भरायच्या लाइनवर तू नऊ वर्षं उभी होतीस. मी विचारलं होतं, महाग आणि स्वस्त यांत फरक काय असतो. तू पाय पसरून दारात बसली होतीस. "टाकी एकच," तू म्हणालीस. "आधी ट्यूबा भरून घेतात. मग उरलेल्यात वास टाकायचा, मोत्यावानी चमक टाकायची, अन् काचंच्या बरणीत भरायचं." "म्हणजे फरक काहीच नाही?" "नाय कसा? बरणी लई जड असती. बाईनं हातात घेतली की तिला वाटतं, आत काय तरी हाय." सगळ्या कंपन्यांत असंच चालतं की तुझ्याच कंपनीत, ते मला माहीत नाही. तुलाही नसेल. तू तुझ्या लाइनचं सांगत होतीस.

त्या कंपनीत आत जाण्याआधी हात दाखवावे लागत. तू ते घरी करून दाखवायचीस. बायका रांगेत उभ्या, दोन्ही हात पुढे, आधी तळवे, मग उलटे. नखं वाढलीत का, बांगडी राहिलीय का, कुठे कापलंय का. सुपरवायझर बाई बघतात, मान हलवतात, मग टोपी आणि हातमोजे मिळतात. नऊ वर्षं तुझे हात बघून त्यांनी रोज मान हलवली. मग तुझ्या बोटांच्या पेरांवर पांढरे ठिपके आले, ते जुळत जुळत मनगटापर्यंत गेले. एका सकाळी बाईंनी तुझा हात जरा जास्त वेळ धरला. तू म्हणालीस, "डाग हाय बाई, जखम नाय. घासून बघा." त्या म्हणाल्या, "मला कळतं हो मावशी. पण बाहेरचे लोक लाइन बघायला येतात." दुपारपासून तू खोके चिकटवायला बसलीस. हे तू मला चुलीपुढे सांगितलंस, भाकरी थापत, हसत. "उभं राहायचं गेलं. बरंच झालं की." पीठ लागलेलं असताना तुझे हात सगळ्या बायकांच्या हातांसारखे दिसतात. मी परातीकडे बघते आहे. तू हात धुतेस आणि मी नजर ताटात घालते. ते तुला दिसलं होतं का, मी कधी विचारलं नाही.

माझ्या पहिल्या पगारात मी तुला क्रीम आणलं. काचेच्या बरणीतलं, गुलमंडीवरून. तुला वाटलं भेट आहे. तू बरणी उजेडात धरलीस, तळावर टिचकी मारलीस आणि म्हणालीस, "निम्मी काच हाय गं ही." पुढच्या रविवारी मला पाहायला पाहुणे येणार होते. मी म्हणाले, हातांना लाव, रोज लाव. आठवड्यात डाग जातील असं मला खरंच वाटत होतं की निदान चकाकीत दिसणार नाहीत असं वाटत होतं, आता आठवत नाही. शनिवारी बघते तर बरणी अर्धी रिकामी आणि तू ओट्यावर बसून टाचांना क्रीम चोळते आहेस. मी ओरडले. "ते टाचांना लावायचं असतं का?" तू वर बघितलंस. "भेगा दुखत्यात. हात कुठं दुखत्यात?" मग टाच माझ्याकडे वळवून म्हणालीस, "बघ, भरून आली की. मग आणखी काय पायजे?" रविवारी तू पोहे केलेस आणि ते बाहेर मी नेले. तू आतच बसलीस. मी तुला बस म्हणाले नव्हते. ये असंही म्हणाले नव्हते.

आता माझ्या मुलीचं जमत आलं आहे. मुलगा शेंद्र्याच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, दोघांनी स्वतःच ठरवलंय. पुढच्या महिन्यात त्याचे आईवडील येतील. मी तिला म्हणाले, माझ्या तोंडावर हे असं असताना त्यांना नको बोलावू. ती म्हणाली, "आई, डाग बघून पळणारे असतील तर पळू दे ना. सुटलो." तिला हे म्हणता येतं याचा मला अभिमान आहे, आणि त्या दुपारी मी क्रीम दोनदा लावलं. मग जळजळ सुरू झाली. गाल लाल झाला, नंतर लाली उतरली तेव्हा डाग वाढलेला होता. दुसऱ्या गालावर आणखी एक. मुलीने माझ्याशी वाद घातला नाही, नंबर लावला आणि स्कूटरवर बसवून घेऊन गेली. बाहेर बाकावर ती फोनवर बोलत बसली, मी एकटी आत गेले.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी दिवा बंद केला, निळ्या उजेडाची बत्ती गालाशी धरली. "कोड वाटत नाही," त्या म्हणाल्या. "कोडाचा डाग या उजेडात लख्ख पांढरा दिसतो. हा कोरडेपणा आहे, आणि त्यावर तुमच्या क्रीमच्या वासाने त्वचा चिडलीय." मी बरणी पर्समधून काढून दाखवली. त्या म्हणाल्या, "क्रीमने त्वचेतलं पाणी धरून ठेवायचं, बस्स. मेडिकलमधलं बिनवासाचं साधं क्रीमही ते करतं. हे बंद करा. दोन महिन्यांनी पुन्हा बघू." म्हणजे तू दारात पाय पसरून सांगितलेलं मी एवढ्या वर्षांनी फी भरून ऐकलं. बाहेर आल्यावर मुलीने माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता मिठी मारली. आम्ही रस्त्यावर उभं राहून उसाचा रस प्यालो. गेल्या दोन महिन्यांत मला कशाची चव लागली नव्हती.

हे इथवर मी मुलीला वाचून दाखवू शकते. पुढचं नाही. बत्ती पेटवण्याआधी डॉक्टरांनी कागद पुढे ओढून विचारलं होतं, "घरात कुणाला कोड होतं का? आई, वडील, मावशी?" त्यांनी मान वर केली नव्हती, रोजचा प्रश्न होता. मी म्हणाले, "नाही, कुणालाच नाही." त्यांनी लिहून घेतलं. कोड वाटत नाही, असं त्या म्हणाल्या ते माझ्या त्या 'नाही'वर किती उभं आहे, मला माहीत नाही. डॉक्टरांना फोन केला तर एका मिनिटात सांगता येईल. आज अकरावा दिवस आहे, आणि मी अजून केलेला नाही.