परीक्षक साहेबांना रिंगणाबाहेर बसवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
जिल्हा विज्ञान प्रदर्शन समिती,
वर्धा.

अर्जदार : कु. भागीरथा रूपराव झाडे, इयत्ता दहावी, मु. पो. समुद्रपूर.

विषय : मॉडेलच्या चित्रात पडलेले भोक हे मॉडेलचे नसून परीक्षकांचे असल्याने फेरतपासणी होऊन मॉडेल जिल्ह्याला घेण्याबाबत.

संदर्भ : तालुका विज्ञान प्रदर्शनाचा दि. ९ डिसेंबर १९८३ रोजीचा निकाल.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर की,

१. अर्जदार मुलीने शाळेच्या वाचनालयातील एका मासिकात असे वाचले की, परदेशात पॉझिट्रॉन नावाच्या कणांवर चालणारे एक यंत्र निघाले आहे. रोग्याला औषध टोचतात, ते गाठीपाशी जाऊन जमते, आणि तिथून किरणांच्या जोड्या निघतात. जोडीतले दोघे भांडण झाल्यासारखे एकमेकांकडे पाठ करून सरळ पळतात. रोग्याभोवती टिपणाऱ्यांचे कडे असते. ज्या दोघांना एकाच क्षणी किरण लागला त्यांच्यामध्ये रेघ ओढायची. अशा पुष्कळ रेघा जिथे एकमेकींना कापतील तिथे गाठ. हे वाचून अर्जदाराची झोप उडाली असे काही नाही, झोप छान लागली. पण सकाळी तोंड न धुताच ती मैत्रिणीकडे, म्हणजे पंचफुला मडावीकडे पळाली.

२. यंत्राची किंमत मासिकात दिलेली नव्हती, त्यावरूनच ती काय असेल ते कळले. म्हणून अर्जदाराने यंत्र मुलींचे केले. वीस मुली शाळेच्या हॉलमध्ये गोल बसल्या, प्रत्येकीने डब्याचे झाकण जमिनीवर उभे धरले. मध्ये लुगड्याचा आडोसा, खालून वीतभर मोकळा. आडोशाच्या आत पंचफुला, म्हणजे गाठ. दोन हातांनी दोन कंचे, म्हणजे गोट्या, एकाच वेळी बरोबर उलट दिशेला सोडणे वर्गात फक्त तिलाच जमते. कड्याबाहेर एका फळीवर मुलींच्या नंबरांचे खिळे तसेच गोल ठोकले. दोन झाकणे एकदम टण्ण वाजली की वर्गातल्या रुखमाने त्या दोन नंबरांच्या खिळ्यांमध्ये सूतकताईच्या तासाचे सूत ताणायचे. सूत जिथे दाटेल तिथे गाठ.

३. मॉडेलचा खरा विषय यंत्र नसून "यंत्रातील चित्र स्वच्छ कसे करावे" हा आहे, हे निकालपत्रात कुठेच आलेले नाही. पहिल्यांदा आठच मुली आणि परातीएवढी झाकणे घेतली होती. तेव्हा असे चित्र आले की गाठ पंचफुलाला झाली की शाळेच्या इमारतीला, ते कळेना. मग मुली वाढवल्या, झाकणे लहान केली, आणि एकटेच झाकण वाजले तर सूत ताणायचे नाही असा नियम केला. त्यावरून दोघींची कट्टीही झाली, कारण आपले झाकण वाया जावे असे कोणालाच वाटत नाही. पण नंतर सूत एका जागी असे दाटले की लुगडे उचलल्यावर पंचफुला नेमकी तिथेच. "पाह्यलं, मी किती साफ दिसतो!" असे म्हणून सगळे श्रेय तिनेच घेतले.

४. तपासणीच्या दिवशी परीक्षक मा. बबनराव साहेब आले आणि म्हणाले, "मशीन कुठी आहे? मले तं नुसत्या पोरी दिसून राह्यल्या." अर्जदार म्हणाली, "पोरीच मशीन आहे, सर." साहेब हसले नाहीत. थंडी होती, आणि खिडकीतून उन्हाचा एक चौकोन नेमका कड्याच्या आत पडला होता. साहेबांनी खुर्ची उचलली आणि त्या उन्हात, म्हणजे आडोसा व मुली यांच्या बरोबर मध्ये, ठेवून ते बसले. पायाशी पिशवी ठेवली. पँट खालून इतकी रुंद की तीत एखादे मांजर सुखाने राहील.

५. पंचफुलाने कंचे सोडले. साहेबांकडे गेलेले काही कंचे बुटांवर अडले, काही पिशवीत घुसले. काही खुर्चीच्या पायावर आपटून भलत्याच मुलींच्या झाकणांवर वाजले, आणि रुखमाने इमानदारीने भलतेच सूत ताणले. एक निळा कंचा पँटीत गेला तो बाहेर आला नाही. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. पंचफुला आतून ओरडली, "साहेब, पाय वर घ्या नं जी, मी दिसून नाई राह्यली!" साहेब म्हणाले, "गाठीनं बोलायचं नसते." हे वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे, पण पाय खालीच राहिले.

६. फळीवर जे चित्र आले ते चावा घेतलेल्या भाकरीसारखे. एका बाजूला मोठे भोक, आणि गाठ सरकून दाराकडे गेलेली. साहेबांनी शेरा मारला : "चित्र अस्वच्छ. मुली जास्त. गाठ उद्धट." पन्नासपैकी अकरा गुण. निवड पवनचक्कीची झाली, जी फुंकर मारल्याशिवाय फिरत नाही आणि फुंकर मारणाऱ्याचे नाव मॉडेलच्या तक्त्यावर नाही.

७. अर्जदाराने घरी येऊन दोन भाकरी खाऊन विचार केला. मासिकात असे दिले आहे की, रोग्याचे अंगही काही किरण अडवते, म्हणून कोण किती अडवतो ते आधी वेगळे मोजून घेतात आणि तेवढी भर चित्रात घालतात. त्याप्रमाणे सोमवारी मुलींनी त्याच जागी खुर्ची ठेवून तीवर सरकीचे पोते बसवले, खाली बूट आणि पिशवी ठेवली. चित्रात तेच भोक पडले! कोणती झाकणे गप्प पडली ते टिपून तेवढे सूत भरले, आपटून आलेले काढून टाकले, तर गाठ जाग्यावर परत आली. यावरून सिद्ध होते की मॉडेल नापास झाले नाही. त्याने साहेबांचे चित्र काढले, जे त्याला कोणी सांगितले नव्हते. मात्र पोते साहेबांपेक्षा अंगाने थोडे कमी असल्याने हिशेबात किंचित फरक राहतो.

८. हा अर्ज हट्ट म्हणून केलेला नाही. अर्जदाराचे वडील म्हणाले होते, "मॉडेल वर्ध्याले गेलं तं तूही जाजो, अकरावीले सायन्स घेजो. नाई तं इथंच शिवणक्लास." आता ते म्हणतात, "साहेबानं लिहून देल्लं नं, मंग झालं." वडील शब्दाचे पक्के आहेत, दोन्ही बाजूंनी. काल त्यांनी शिलाई मशीन पाहून ठेवली. अर्जदाराने आजवर एकच झबले शिवले आहे. ते ज्या बाळासाठी शिवले त्याच्या आईने त्याचे फडके केले.

९. तरी विनंती की, फेरतपासणी व्हावी व परीक्षकांची खुर्ची कड्याबाहेर ठेवावी. उन्हासाठी त्यांचा आग्रहच असल्यास मा. बबनराव साहेबांना अर्धा तास रिकाम्या कड्यात बसवून त्यांचे माप घेण्याची लेखी परवानगी मिळावी. चहा शाळेकडून दिला जाईल.

१०. या महिनाअखेरीच्या जिल्हा प्रदर्शनाआधी, म्हणजे दि. २२ पर्यंत, उत्तर न आल्यास अर्जदार, पंचफुला, रुखमा व वीस मुली सकाळच्या पहिल्या एस.टी.ने आपल्या कार्यालयात हजर होतील आणि आपल्या टेबलाभोवती झाकणे घेऊन गोल बसतील. यास कृपया घेराव समजू नये. ती तपासणी असेल. आपण फक्त हलू नये.

उत्तर येईपर्यंत तरी आपली नम्र,
भागीरथा रूपराव झाडे

समुद्रपूर,
दि. १४ डिसेंबर १९८३