अंगठ्याचा घट्टा आणि ह्यांची कात्री

तीर्थरूप वन्सं,

दोन्ही हात जोडून नमस्कार (उजवा जरा बेतानेच जोडला आहे, कारण पुढे येईलच). भाऊजींचा दमा उतरला असेल आणि तुमचे गुडघे तुमचं ऐकत असतील, अशी आशा आहे. ह्यांची कात्री कधी पाठवतेस, हे तुमचं विचारणं पोचलं. भावाची आठवण म्हणून तुम्ही ती मागितलीत आणि मी हो म्हटलं, ते मी विसरलेले नाही. उशीर झाला तो माझ्या घट्ट्यांमुळे, आणि ती हकीकत सविस्तर सांगितल्याशिवाय तुम्हाला पटायची नाही.

हे होते तोवर दुकानात कापणं त्यांचं आणि शिवणं माझं. हे गेल्यापासून दोन्ही माझ्याच अंगावर आलं. मशीनचं लोखंडी पायडल अनवाणी दाबून तळव्यांना घट्टे पडले, आणि ह्यांच्या कात्रीने उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असा एक पडला की त्यावर काडी ओढली असती तर पेटली असती. तळवे इतके दुखायला लागले की मी वाचनालयातून कातडीच्या विकारांवरचं जाडजूड पुस्तक आणून पानोपान वाचून काढलं. कारणं दोनच, दाब आणि घासणं. बाकीची पानं लेखकाने भरीला घातली होती. उपायही सोपा. कोमट पाण्यात भिजवा, वज्रीने हलके घासा, मलम चोळा. ब्लेड लावू नका, हे मात्र ठळक अक्षरात होतं. (शेजारचा न्हावी ‘वहिनी, एका झटक्यात काढून देतो’ म्हणत वस्तरा परजून बसला होता. त्याला ते पान वाचून दाखवलं, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.)

पाय भिजवायला दुकान बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून टब कापायच्या टेबलाखाली ठेवला आणि पाण्यात पाय सोडून काजं करत बसले. तेवढ्यात पँटचं माप द्यायला एक गिऱ्हाईक आलं. मी तशीच टबात उभी राहिले आणि माप घेतलं. तो बिचारा माप देऊन गेला, पण त्याच्या मागच्या बाईने चपला काढल्या आणि आपला नंबर कधी, म्हणून विचारलं. संध्याकाळपर्यंत तिच्यासकट दोघींनी फुकटात पाय भिजवून घेतले, वर एकीने पाणी गार असल्याची तक्रार केली.

असो. पायडलवर सतरंजीचा तुकडा चिकटवला आणि तळवे सुधारले. यश मिळालं की माणसाला थांबवत नाही. मी हाताकडे वळले. भिजवला, घासला, मलम चोळलं, आणि अंगठा लोण्यासारखा मऊ करून सोडला. दुसऱ्याच दिवशी वकीलसाहेबांच्या कोटाचं जाड कापड कापायला घेतलं. अर्ध्यात अंगठ्याला टरारून फोड आला, हात झटकला गेला आणि बाही चार बोटं आखूड झाली. वकीलसाहेबांनी ती घालून पाहिली आणि शांतपणे विचारलं, ‘बाई, हा एक हात दुसऱ्या कुणाचा आहे का?’ नशिबाने कापड उरलं होतं.

डॉक्टरीणबाईंकडे गेले (त्यांचे पांढरे कोट मीच शिवते, त्यामुळे त्या मला हक्काने ओरडतात). म्हणाल्या, ‘मावशी, पाय दुखत होते, ते ठीक. हा घट्टा दुखत होता का?’ म्हटलं, नाही. ‘मग त्याच्या वाटेला कशाला गेलात? कातडीने तुमच्या अंगठ्याला सुई-कात्रीपासून वाचवणारं अंगुस्तान फुकटात शिवलं होतं, ते उसवून टाकलंत!’ मग कात्री बघून म्हणाल्या, ही मूठ पुरुषाच्या पंजाची आहे, तुमच्या हाताची नवी घ्या. घेतली. हलकी आहे, हाताला बसते आणि कापतेही छान. तेव्हा जुनी कात्री अडकवून ठेवायला मला काही सबब उरलेली नाही. फोड सुकला, धंदा बरा चालला आहे, मी ठणठणीत आहे. पार्सल उद्याच टाकते.

तुमची भावजय

ता. क. पार्सल उघडण्याआधी हे वाचा. त्यात नवी कात्री आहे.

आणखी ता. क. रागवा, पण आधी ऐकून घ्या. इतकी वर्षं वापरून ह्यांच्या अंगठ्याने मुठीचं कडं एका बाजूने झिजवलं आहे. हातात घेतली की माझा अंगठा आपोआप तिथे जाऊन बसतो, आणि कापड ते कापायचे तसं सरळ जातं. नव्या कात्रीने कापताना दुकानात मी एकटीच असते. ते आधी तुमचे भाऊ होते, मग माझे यजमान झाले. पहिला हक्क तुमचाच. पण माझा हात चालतो आहे तोवर ती इथे राहू द्या. फोड आला होता तिथे घट्टा पुन्हा धरायला लागला आहे. या खेपेला मी त्याला वज्री लावणार नाही.

शेवटचं. नाही म्हणायचं असेल तर पत्राने कळवू नका, मी उत्तर पोचलंच नाही म्हणेन. स्वतः येऊन मागा. तुम्ही दारात उभ्या राहिलात तर माझ्याच्याने नाही म्हणवणार नाही, मुकाट्याने देऊन टाकेन. म्हणून वन्सं, एवढ्यात येऊ नका.